आरोग्य विषमतेची दोन आकलने : निर्णयकर्ते आणि जनता – एक चिकित्सक अभ्यास

सारांश

आरोग्य विषमतेविषयी निर्णयकर्त्यांचा आणि सर्वसामान्य जनतेचा दृष्टिकोन काय आहे, हे तपासणारे अभ्यास गेल्या तीन दशकांत प्रामुख्याने युरोपीय देशांत झाले. विषमता कमी व्हावी असे कोणाला किती तीव्रतेने वाटते, असा या अभ्यासांतील प्रश्नाचा सर्वसाधारण रोख आहे. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे दस्तऐवज, गडचिरोलीतील संशोधन आणि महाराष्ट्रातील जनसुनवाईचा अनुभव यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, दोन्ही पक्षांतील मुख्य भेद आस्थेच्या प्रमाणात नसून विषमता ओळखण्याच्या एककात आहे. निर्णयकर्ते विषमता दोन समूहांच्या दरांतील अंतरात पाहतात, तर जनता ती घडलेल्या प्रसंगात पाहते.

बीजसंज्ञा : आरोग्य विषमता, समन्याय, आरोग्य धोरण, जनसुनवाई, लोकाधारित देखरेख.

१. प्रस्तावना

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेला अहवाल हा भारतातील आरोग्य नियोजनाचा आरंभबिंदू मानला जातो. पैसे देण्याची ऐपत नाही या कारणास्तव कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व या अहवालाने स्वीकारले होते. त्यानंतर आलेल्या १९८३, २००२ आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांपैकी एकानेही हे तत्त्व नाकारलेले नाही. असे असूनही राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के भार कुटुंबांच्या खिशावर पडत होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. ही घट लक्षणीय असली तरी तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर अद्याप मोठे आहे.

या अंतराची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिल्यानुसार राज्यकर्त्यांना गरिबांच्या आरोग्याची आस्था नसते. दुसऱ्यानुसार लोकांनाच आपल्या हक्कांची जाणीव नसते आणि त्यामुळे मागणी निर्माण होत नाही. ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी वाटली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. कोणत्या तरी एका पक्षाकडे आस्थेची अथवा जाणिवेची उणीव आहे, असे ती दोन्ही मानतात. हे गृहीतक कितपत टिकते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पनात्मक पार्श्वभूमी

आरोग्यातील प्रत्येक फरक म्हणजे विषमता नव्हे. वृद्धांमध्ये तरुणांपेक्षा मृत्युदर अधिक असतो, यात अन्याय नाही. मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी केलेली व्याख्या या संदर्भात सर्वमान्य ठरली आहे. जो फरक अनावश्यक, टाळता येण्याजोगा आणि अन्याय्य असतो त्यालाच त्या विषमता म्हणतात. या व्याख्येतील पहिल्या दोन कसोट्या बऱ्याच अंशी शास्त्राच्या कक्षेत येतात. तिसरी कसोटी मात्र मूल्याची आहे. एखादा फरक अन्याय्य आहे किंवा नाही, हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न ही व्याख्या उपस्थित करते. जनता आणि निर्णयकर्ते यांच्या दृष्टिकोनांची तुलना करण्याची गरज याच ठिकाणी निर्माण होते.

३. युरोपातील अभ्यास : पद्धती आणि मर्यादा

निर्णयकर्त्यांच्या अनास्थेचे उदाहरण म्हणून ब्रिटनमधील ब्लॅक अहवालाचा उल्लेख नेहमी केला जातो. सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये नेमलेल्या गटाने १९८० मध्ये आपला अहवाल दिला. अकुशल कामगारवर्गातील पुरुषांचा मृत्युदर व्यावसायिक वर्गातील पुरुषांच्या सुमारे अडीच पट असल्याचे त्यात दाखवले होते. मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होऊन तीन दशके उलटल्यावरही ही स्थिती होती. या विषमतेचे मूळ प्रामुख्याने भौतिक परिस्थितीत आहे, असा अहवालाचा निष्कर्ष होता. दरम्यान सत्तांतर झाले होते. नव्या सरकारने ऑगस्टमधील सार्वजनिक सुटीच्या दिवसांत अहवालाच्या केवळ २६० प्रती काढल्या आणि शिफारशींचा खर्च पेलणारा नाही, असे मंत्र्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले.

या घटनेवरून निर्णयकर्त्यांना विषमतेचे सोयरसुतक नसते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तथापि स्वीडनमध्ये लिंडहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून वेगळे चित्र समोर येते. आरोग्यसेवेची जबाबदारी असलेल्या राजकारण्यांपुढे त्यांनी दोन पर्याय ठेवले होते. एका पर्यायात एकूण अधिक मृत्यू टळत होते, तर दुसऱ्यात टळणारे मृत्यू कमी असले तरी त्यांचा लाभ सामाजिक वर्गांत अधिक समन्यायी रीतीने वाटला जात होता. बहुसंख्य राजकारण्यांनी समन्यायासाठी एकूण लाभाचा काही भाग सोडण्याची तयारी दर्शवली.

जनतेच्या बाजूने पाहता, इंग्लंडमध्ये रॉबसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. समाजातील सर्वांत गरीब पंचमांश लोकांना मिळणाऱ्या आरोग्यलाभाला सर्वांत श्रीमंत पंचमांशाच्या लाभापेक्षा सुमारे सहा ते सात पट अधिक मोल द्यावे, असा सरासरी कल त्यात नागरिकांच्या उत्तरांतून निघाला. थोडक्यात, योग्य रीतीने विचारल्यास राजकारणी आणि नागरिक दोघेही विषमतेच्या विरोधात उभे राहतात.

मात्र या पद्धतीची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. अशा अभ्यासांत उत्तरदात्यापुढे दोन काल्पनिक समूह आणि त्यांचे आकडे ठेवले जातात. म्हणजेच नागरिकाला काही काळापुरते नियोजनकाराच्या खुर्चीत बसवले जाते आणि त्या खुर्चीतून त्याने दिलेले उत्तर 'जनतेचे मत' म्हणून नोंदवले जाते. मिल्ड्रेड ब्लॅक्स्टर यांनी १९९७ मध्ये याच्या नेमक्या उलट बाजूकडे लक्ष वेधले. ज्यांच्या वाट्याला विषमतेचा सर्वाधिक भार येतो तेच लोक आरोग्याविषयी बोलताना विषमतेचा उल्लेख सर्वांत कमी करतात, असे त्यांना दिसून आले. आपण गरीब आहोत म्हणून अधिक आजारी पडतो व लवकर मरतो, हे स्वतःच्या तोंडून सांगणे कोणालाही सोपे नसते. त्यात स्वतःच्या आयुष्याचे मोल कमी ठरल्याची कबुली असते. यावरून असे म्हणता येईल की, लोक विषमता हा शब्द वापरत नाहीत याचा अर्थ त्यांना विषमता जाणवत नाही असा होत नाही. ती जाणीव कोणत्या रूपात व्यक्त होते, हे पाहण्यासाठी प्रश्नावलीच्या बाहेर पडावे लागते. भारतीय आणि विशेषतः महाराष्ट्रातील अनुभव या दृष्टीने उपयुक्त ठरतो.

४. निर्णयकर्त्यांचे आकलन : धोरण दस्तऐवजाचे वाचन

भारतीय निर्णयकर्त्यांना विषमतेची माहिती नसते, हा आक्षेप २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या वाचनातून टिकत नाही. या दस्तऐवजात राज्याराज्यांतील आणि सामाजिक गटांतील तफावत तक्त्यांच्या स्वरूपात उघडपणे मांडली आहे. अर्भक मृत्युदर अनुसूचित जमातींमध्ये दरहजारी ८४.२ आणि 'इतर' गटात ६१.८ असल्याची नोंद त्यात आहे. सार्वजनिक आरोग्य खर्च २०१० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्टही त्याच धोरणाने ठेवले होते. ते मुदतीत साध्य झाले नाही. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे नवे उद्दिष्ट ठेवले. म्हणजेच प्रश्न अज्ञानाचा नव्हता.

परंतु त्याच दस्तऐवजातील राज्यांचा तक्ता अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. चांगली कामगिरी करणाऱ्या राज्यांच्या यादीत केरळ आणि तमिळनाडूबरोबर महाराष्ट्राचे नाव आहे. केरळचा अर्भक मृत्युदर १४ आणि महाराष्ट्राचा ४८ असा दिलेला असूनही ओडिशा वा मध्य प्रदेशाच्या तुलनेत महाराष्ट्र 'चांगला' ठरतो. आकड्यांच्या दृष्टीने यात चूक नाही. मात्र ज्या काळात हे वर्गीकरण केले गेले, त्याच काळात धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातील तालुक्यांमधील बालमृत्यूंचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे होता. आदिवासी भागांसाठी १९९५ मध्ये राज्य शासनाला नवसंजीवन योजना आखावी लागली होती. राज्याची सरासरी हे एकक निवडले की मुंबई आणि मेळघाट एकाच ओळीत येतात आणि त्या ओळीला 'चांगली' असे विशेषण मिळते. विषमता दाखवण्यासाठी तयार केलेला तक्ताच अशा प्रकारे एका विषमतेला झाकतो.

यापुढील काळात सरासरी सुधारली, हे मान्य करावे लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशाचा अर्भक मृत्युदर ३५.२ पर्यंत उतरला. अनुसूचित जमातींमध्ये मात्र तो ४१.६ होता. दर खाली आले, अंतरही घटले, पण ते मिटले नाही. निर्णयकर्त्यांच्या भाषेत ही 'प्रगती' आहे आणि ती खरी आहे. या अंतराच्या तळाशी असलेले कुटुंब हीच गोष्ट कशी सांगते, हा पुढचा प्रश्न आहे.

५. जनतेचे आकलन : दवाखाना आणि जनसुनवाई

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेमार्फत काम सुरू केले. आदिवासी रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. मिळालेली उत्तरे बंग दाम्पत्याने नोंदवली आहेत. मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-परिचारिकांचे पांढरे कपडे पाहून मृतावर घातलेल्या कापडाची आठवण होते. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. दवाखान्यात देव नाही. या उत्तरांच्या आधारे झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभारला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. येथे विषमता हा शब्द कोठेही उच्चारला गेला नाही. तरीही ही सेवा आपल्यासारख्यांसाठी बांधलेली नाही, असेच लोक सांगत होते. नियोजनाच्या भाषेत ज्याला 'सेवांचा अल्प वापर' म्हणतात, त्याचे लोकांनी दिलेले हे स्पष्टीकरण होते.

दुसरा अनुभव जनसुनवाईचा आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि जन आरोग्य अभियान यांनी २००४ मध्ये देशाच्या विविध विभागांत आरोग्य हक्कावर सुनावण्या घेतल्या. पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ पासून नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तत्कालीन उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांपासून तिचा आरंभ झाला आणि पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्य पातळीवर समन्वय केला. गावसमित्यांनी आरोग्य सेवांचे मूल्यमापन करून हिरवा, पिवळा आणि लाल अशा रंगांत गावाचे प्रगतिपत्रक भरायचे आणि त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका व जिल्हा पातळीवर जाहीर सुनावणी व्हायची, अशी ही रचना होती.

या सुनावण्यांत वारंवार पुढे आलेल्या तक्रारींचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. औषधे केंद्रात न देता बाहेरून आणण्यासाठी चिठ्ठी दिली जाते. मोफत असलेल्या सेवेसाठी पैसे घेतले जातात. डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत. बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रीला पुढच्या दवाखान्यात पाठवले जाते, पण वाहन मिळत नाही. कर्मचारी तुसडेपणाने बोलतात. यातील कोणतीही तक्रार दोन समूहांच्या तुलनेच्या स्वरूपात नाही. प्रत्येक तक्रारीला तारीख आहे, ठिकाण आहे आणि ती ज्याच्याबाबत घडली ती व्यक्ती समोर उभी आहे. 'शहरात असे घडले असते का?' हा प्रश्न बोलला न जाताही प्रत्येक तक्रारीच्या मागे असतो. लोकांचे विषमतेविषयीचे मत याच प्रश्नात सामावलेले आहे.

येथे दोन्ही आकलनांतील भेद स्पष्ट होतो. निर्णयकर्त्यांच्या दृष्टीने विषमता ही अवस्था आहे आणि ती मोजता येते. लोकांच्या दृष्टीने विषमता ही कृती आहे आणि तिला कर्ता असतो. अवस्थेवर उपाय म्हणून योजना येते. कृतीवर उपाय म्हणून उत्तर मागितले जाते. योजनेमुळे दर सुधारला तरी उत्तर मिळालेच असे नाही, आणि म्हणूनच शासनाला प्रगती दिसते त्याच वेळी लोकांना उपेक्षा जाणवू शकते. या दोन्ही जाणिवा एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

६. जनतेच्या आकलनाच्या मर्यादा

याचा अर्थ लोकांचे आकलन परिपूर्ण आणि आकडे निरर्थक, असा घेतल्यास ती मोठी चूक ठरेल. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले होते. केरळमध्ये तेव्हा आयुर्मान देशात सर्वाधिक असूनही आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण तेथे अधिक होते. बिहारमध्ये आयुर्मान कमी असून आजाराची तक्रारही कमी होती. शिक्षण आणि सेवा यांच्या अभावी आजार हा आजार म्हणून ओळखलाच जात नाही. केवळ लोकांच्या म्हणण्यावर धोरण आखले, तर सर्वाधिक वंचित प्रदेश सर्वांत निरोगी ठरण्याचा धोका असतो.

गडचिरोलीतील संशोधनही हेच सांगते. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गावांतील तपासणी केलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. त्यापूर्वी केवळ ८ टक्के स्त्रियांची अशी तपासणी झाली होती. तत्कालीन शासकीय कार्यक्रमाचे लक्ष कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांवर केंद्रित असल्याने हे दुखणे निर्णयकर्त्यांच्या तक्त्यात नव्हते. संकोचामुळे ते गावाच्या चव्हाट्यावरही येत नव्हते. मोजणी झाली नसती तर ते दोन्हीकडे अदृश्यच राहिले असते. नवजात बालकांच्या मृत्यूबाबतही असेच घडले. गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली आणि नवजातांची काळजी घेतली. त्यामुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये सिद्ध झाले आणि २०११ मध्ये ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. नशिबाच्या नावावर जमा होणारा मृत्यू टाळता येण्याजोगा आहे, हे गावाने आणि शासनाने मोजणीतूनच ओळखले. हा आकडा मात्र गावातल्या हातांनी गोळा केलेला होता, हे विसरता येत नाही.

'जनता' ही एकसंध नाही, ही दुसरी मर्यादा होय. जनसुनवाईत संघटनेचे पाठबळ असलेले लोक बोलतात. गावातील सर्वांत दुर्बल कुटुंब, स्थलांतरित मजूर वा एकटी स्त्री तेथे पोहोचतेच असे नाही. आरोग्य केंद्रावर अवलंबून नसलेला सधन वर्गही जनतेचाच भाग आहे आणि त्याच्या अपेक्षा वेगळ्या असतात.

७. निर्णयकर्ता कोण?

तुलनेतील दुसरी बाजूही तेवढीच संदिग्ध आहे. जनसुनवाईत लोकांसमोर बसणारा अधिकारी हा बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी असतो. औषधसाठ्याचे वाटप, कर्मचाऱ्यांची वागणूक, बेकायदा वसुली यांबाबत तो काही करू शकतो आणि अशा स्थानिक तक्रारी सुनावणीनंतर सुटल्याची उदाहरणे आहेत. परंतु रिक्त पदे भरणे, औषध खरेदी वेळेवर होणे, अंदाजपत्रकातील तरतूद वाढवणे हे त्याच्या हातात नसते. ज्याला जाब विचारता येतो त्याच्याकडे अधिकार नसतो आणि ज्याच्याकडे अधिकार असतो त्याला तक्रार तक्त्याच्या रूपातच भेटते. निर्णयकर्त्यांची 'वृत्ती' मोजणाऱ्या अभ्यासांत हा पदसोपानातील भेद क्वचितच विचारात घेतला जातो. वस्तुतः खालच्या पातळीवरील अधिकारी अनेकदा लोकांच्याच बाजूने व्यवस्थेचा अनुभव घेत असतो. एका डॉक्टरच्या जागेवर दोन केंद्रांचा भार वाहणाऱ्या अधिकाऱ्याला अनास्थेचा दोष देणे सोपे आहे, पण त्याने विषमता दूर होत नाही.

अलीकडील योजनांचा विचारही याच अंगाने करता येतो. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांचा खर्च उचलते. अनेक कुटुंबांना तिने कर्जातून वाचवले असेल, यात शंका नाही. मात्र तिच्या यशाचे मोजमाप लाभार्थी आणि मंजूर रक्कम यांत होते. पाड्यावरून रुग्णालयापर्यंतचा प्रवास, मजुरी बुडणे, कागदपत्रांअभावी परत फिरणे हे त्या मोजमापात बसत नाही. जो रुग्ण योजनेपर्यंत पोहोचलाच नाही, तो तिच्या आकडेवारीत नकार म्हणूनही नोंदला जात नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

एक, आरोग्य विषमता अन्याय्य आहे याबाबत निर्णयकर्ते आणि जनता यांच्यात तत्त्वतः एकमत दिसते. त्यामुळे 'कोणाला अधिक आस्था आहे' हा प्रश्न तुलनेसाठी अपुरा आहे.

दोन, दोन्ही पक्षांची विषमता ओळखण्याची एकके भिन्न आहेत. दराची भाषा दूरवरचे अंतर दाखवते, पण सरासरीत माणूस हरवते. प्रसंगाची भाषा माणूस दाखवते, पण जे बोलले जात नाही ते तिच्यात येत नाही.

तीन, काल्पनिक पर्यायांवर आधारित सर्वेक्षणे लोकांचे मत निर्णयकर्त्यांच्याच भाषेत नोंदवतात. अशा सर्वेक्षणांना सुनावण्यांच्या नोंदींची जोड दिल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

चार, जनसुनवाईतील तक्रार स्थानिक पातळीवरच निकालात काढण्याऐवजी ती रिक्त पदे, खरेदी आणि तरतूद यांचा निर्णय जेथे होतो तेथपर्यंत तारीख-ठिकाणासह पोहोचली पाहिजे आणि तिचे लेखी उत्तर मिळाले पाहिजे. लोकाधारित देखरेख एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर अवलंबून न ठेवता आरोग्य यंत्रणेचा नियमित भाग करणे त्यासाठी आवश्यक आहे.

भोर समितीने ऐपतीअभावी कोणी वंचित राहू नये असे म्हटले, तेव्हा तिच्यासमोर 'कोणी' हा शब्द एका व्यक्तीसाठी होता. पुढील काळात त्या व्यक्तीची जागा टक्केवारीने घेतली. टक्केवारी आवश्यकच आहे. परंतु आरोग्य केंद्राच्या दारातून परत फिरलेल्या माणसाला आपण का परत फिरलो याचे उत्तर मिळत नाही, तोपर्यंत त्याच्यालेखी विषमता कमी झालेली नसते. हे उत्तर मागण्याची जागा निर्माण करणे आणि ती टिकवणे, यावरच दोन्ही आकलनांमधील अंतर कमी होणे अवलंबून आहे.